कागद विकावा, शब्द राखावा



माळ्यावरच्या ट्रंकेतून आजोबा-पणजोबांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा निघाला, की आज घरोघर एकच प्रश्न उभा राहतो. याचे करायचे काय? पूर्वी असे कागद रद्दीत जात, किंवा पितरांचे म्हणून गोदामाईत सोडले जात. आता तिसरी वाट झाली आहे. मोबाइलवर फोटो काढायचा, ऑनलाइन किंमत लावायची, की कुठला तरी संग्राहक ती कार्डे विकत घेतो. नाशिकसारख्या क्षेत्राच्या गावी हा प्रश्न जास्तच येतो. यात्रेला येणारा माणूस आधी कार्ड टाकून कळवी, आणि घरी सुखरूप पोहोचल्यावर पुन्हा एक कार्ड टाकी.

आपल्या संप्रदायाला पत्राची ओळख टपालखात्याच्या फार आधीची आहे. चांगदेवांनी ज्ञानोबा माउलींना पत्र लिहायला घेतले, तेव्हा मायना काय लिहावा, हेच त्यांना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की अधिकाराने थोर म्हणून नमस्कार? शेवटी कागद कोराच गेला. निवृत्तिनाथांच्या आज्ञेने माउलींनी त्याला उत्तर दिले, तीच 65 ओव्यांची चांगदेव पासष्टी. ज्या निवृत्तिनाथांची समाधी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी आहे, त्यांच्या शब्दावरून हे उत्तर लिहिले गेले. तो कोरा कागद आज कुठेही नाही. उत्तर मात्र आपल्या मुखी आहे, कारण पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी ते उतरवून घेतले. गठ्ठा हाती असताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पोस्टकार्ड जगात प्रथम निघाले ते ऑस्ट्रिया-हंगेरीत, 1 ऑक्टोबर 1869 रोजी. हिंदुस्थानात ते 1 जुलै 1879 रोजी आले. किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. रुपयाला 64 कार्डे मिळत. बंद पत्राला अर्धा आणा पडे, म्हणून गरिबाने कार्डच धरले. ज्याला अक्षर येत नसे तो मास्तरांकडून लिहून घेई आणि आलेले कार्ड पोस्टमनकडून वाचून घेई. उघड्या कार्डावर लपवायचे काही नसेच. कीर्तनाची तारीख, दिंडीचा मुक्काम, सप्ताहाचे आमंत्रण, लेकीचे बाळंतपण, पाऊसपाणी, सारे चार बोटांच्या जागेत बसवायचे आणि शेवटी थोरांस दंडवत, लहानांस आशीर्वाद.

पुढे नाशिकचे आणि कार्डाचे नाते आणखी जवळचे झाले. आपली टपाल तिकिटे पूर्वी लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. 1925 मध्ये नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि ते काम इकडे आले. पोस्टकार्डे, पाकिटेही इथे छापली जाऊ लागली. 1 ऑक्टोबर 1952 रोजी निघालेली संत आणि कवींची सहा तिकिटे याच छापखान्यातली. त्यांत कबीर, तुलसीदास, मीराबाई आणि सूरदास होते.

आता गठ्ठा नीट पाहा. कार्डांच्या मधोमध भोक दिसेल, कारण आलेले पत्र खुंटीच्या तारेत ओवून ठेवायची रीत होती. संग्राहक या भोकाची किंमत कमी करतो. आपल्याला मात्र त्यातून घर दिसते. आणखी एक गोष्ट दिसेल. लग्ने आणि बारशी भरपूर, मृत्यू जवळजवळ नाहीत. निधनाची वार्ता वाचून झाली की कार्ड फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, अशी चाल अनेक घरांत होती. म्हणून असा गठ्ठा हा घराचा पुरता इतिहास नसतो. दुःख वगळून उरलेला तो इतिहास असतो.

काही कार्डे चित्रांची असतील. रामकुंड, गोदेचे घाट, पंचवटीतली देवळे. यांना बाजारात भाव चांगला मिळतो. पण चित्रही सगळे सांगत नाही. 1930 पूर्वीच्या एखाद्या कार्डावर काळाराम मंदिर असेल, तर शिखर सुबक दिसेल, महाद्वार दिसेल. ते द्वार कोणाला बंद होते, हे चित्रातून कळणार नाही. त्या द्वाराशी 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. ज्या पंथाने वाळवंटी भेदाभेद मोडला, त्याच्या वाचकाने असे कार्ड हाती घेतले की मागची ही बाजूही मुलांना सांगावी.

मग विकावे की नाही? तुकोबांच्या चरित्राकडे पाहू. त्यांच्या आयुष्यात कागदांचे दोन गठ्ठे आले आणि दोन्ही इंद्रायणीत गेले. पहिला वडिलोपार्जित सावकारीच्या खतांचा. धाकटे बंधू कान्होबांच्या वाटणीची खते त्यांना देऊन, आपल्या वाटणीची तुकोबांनी स्वतः बुडवली, कारण त्या कागदांनी दुष्काळात पिचलेली कुळे बांधली गेली होती. दुसरा गठ्ठा अभंगांच्या वह्यांचा. तो बुडवावा लागला, तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाणी सोडून बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. वारसा मिळाला म्हणून सगळे कागद त्यांनी एका मापाने मोजले नाहीत. कोणाला बांधणारा कागद सोडला, नाम वाहणाऱ्या कागदासाठी प्राण पणाला लावला.

आपल्या गठ्ठ्यालाही हेच माप लावावे. कोरी कार्डे, नुसती चित्रे, तिकिटे आणि शिक्के खुशाल विकावेत. प्रामाणिक व्यवहाराच्या पैशात दोष नाही, आणि घरात गरज असेल तर मुळीच संकोच नको. मात्र ऑनलाइन विकताना कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो जगापुढे जातो. कोणाचे कर्ज, कोणाचा आजार, सासरी गांजलेल्या लेकीची विनवणी त्यात असेल, तर ते विकायचा अधिकार आपला आहे का, हे स्वतःला विचारावे. कायदाही इथे अंतर राखतो. कागद आपल्या मालकीचा, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाराचा आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांचा. शिवाय 75 वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकतो आणि तो खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. गिऱ्हाईक बाहेरचे असेल तर आधी जाणत्याला विचारावे.

दिंडीची, फडाची, कीर्तनाची कार्डे असतील तर ती फोडून एकेक विकू नयेत. संग्राहकाला एक शिक्का हवा असतो. पण कोणत्या साली दिंडी कोठे मुक्कामाला होती, कोणत्या गावाने पंगत दिली, हे वीस कार्डे एकत्र असली तरच कळते. इतिहासाचार्य राजवाडे घरोघरी फिरून असेच कागद जमवत राहिले, म्हणून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड आपल्याला मिळाले. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 पासून उभे आहे. विकण्याआधी गठ्ठा अशा ठिकाणच्या जाणकाराला एकदा दाखवावा.

आणि विकायचेच ठरले, तर एक काम आधी करावे. घरातल्या शिकत्या मुलाला जवळ बसवावे, कार्ड मोठ्याने वाचावे आणि त्याला वहीत उतरवून घ्यायला सांगावे. मोडी असेल तर जाणणारा शोधावा. तारीख, गाव, लिहिणाराचे नाते, मजकूर, एवढे पुरे. दोन-चार रविवार जातील. मग कार्ड कोणाच्याही घरी गेले, तरी पणजोबांचा दंडवत आपल्या घरात राहील.

रामकृष्ण हरी!