भारतीय सनदी सेवा : वंशभेद व पात्रता

ब्रिटिश अमदानीत भारतातील वरिष्ठ शासकीय पदे भरताना उमेदवाराचा वंश आणि त्याची पात्रता यांची सांगड कशी घातली गेली, यासंबंधीचा इतिहास. स्थूलमानाने हा काळ १७९३ ते १९४७ असा धरता येतो. १८३३ नंतरच्या कोणत्याही कायद्याने भारतीयांना केवळ वंशाच्या कारणावरून उच्च पदे नाकारलेली नव्हती. तरीही सनदी सेवेत पहिला भारतीय निवडला जाण्यास त्यानंतर तीस वर्षे लागली आणि भारतीयांची संख्या युरोपियनांच्या बरोबरीस आणावी, हे धोरण ठरण्यास सुमारे नव्वद वर्षे लागली. मधल्या काळात नकाराचे काम परीक्षेचे स्थळ, वयोमर्यादा, विषयांचे गुण आणि ‘चारित्र्य’ यांसारख्या वरकरणी वंशनिरपेक्ष अटींनी केले.

गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याच्या कारकीर्दीत (१७८६–९३) वर्षाला ५०० पौंडांहून अधिक वेतनाच्या जागा युरोपियनांपुरत्या मर्यादित झाल्या. ईस्ट इंडिया कंपनीशी करारपत्र केलेले ते सनदी नोकर व बाकीचे बिनसनदी, ही विभागणी त्या काळात पक्की झाली. पेशवाईच्या अस्तानंतर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने दख्खनमध्ये महसुलाच्या कामी जुन्या अनुभवी कारकुनांना व मामलेदारांना ठेवून घेतले. त्यांच्यावाचून वसुली चाललीच नसती. परंतु कलेक्टरची खुर्ची त्यांपैकी कोणासही खुली नव्हती.

१८३३ च्या सनदी कायद्याच्या ८७ व्या कलमाने धर्म, जन्मस्थान, वंश वा वर्ण यांपैकी कोणत्याही एका कारणावरून कोणासही कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवू नये, असे घोषित केले. संचालक मंडळाने डिसेंबर १८३४ मध्ये कलकत्त्यास पाठविलेल्या खलित्यात या कलमाचा अर्थ स्पष्ट केला : भारतात राज्यकर्त्यांची वेगळी जात असणार नाही, पात्रता हाच यापुढे निकष राहील. तथापि सनदी जागांवर नेमणूक करण्याचा अधिकार संचालकांच्याच हाती राहिला आणि पुढील वीस वर्षांत त्यांनी एकाही भारतीयाचे नाव सुचविले नाही. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातही सर्व वंशांच्या व धर्मांच्या प्रजाजनांना शिक्षण, कुवत व सचोटी यांनुसार नोकरीत मुक्त प्रवेश मिळेल, असे वचन होते. मात्र ‘शक्य असेल तेथवर’ एवढे शब्द त्यास जोडलेले होते. पुढच्या वादात त्या मोजक्या शब्दांचा दोन्ही बाजूंनी जेवढा कीस काढला गेला, तेवढा उरलेल्या मजकुराचा क्वचितच निघाला असेल.

१८५३ च्या कायद्याने संचालकांची वशिलेबाजी संपविली आणि १८५५ पासून लंडनमध्ये खुली स्पर्धा-परीक्षा सुरू झाली. इंग्लंडच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती, हे मान्य केले पाहिजे. परीक्षेची योजना मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये आखली. तीत ग्रीक व लॅटिन या भाषांना प्रत्येकी ७५० गुण होते, तर संस्कृत व अरबी यांना प्रत्येकी ३७५. म्हणजे या दोन भाषा फ्रेंच, जर्मन व इटालियन यांच्या पंक्तीस बसविलेल्या होत्या. ज्या देशाचा कारभार करावयाचा, त्याच्या अभिजात भाषांना अथेन्स व रोमच्या भाषांच्या निम्मे मोल देणारी ही योजना भारतीयांना वगळण्याच्या हेतूने केलेली नव्हती. इंग्लंडमधील शाळा व विद्यापीठे यांतून घडणारा सुशिक्षित तरुण हाच तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर होता; दुसऱ्या कोणाचा विचार त्यांना करावासा वाटला नाही.

ही अडचण खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आली होती. भारतमंत्र्यांच्या मंडळातील पाच सभासदांच्या समितीने जानेवारी १८६० मध्ये इंग्लंड व भारत या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी एकच परीक्षा घ्यावी, हाच न्याय्य मार्ग असल्याचे मत दिले. त्यांपैकी विलबी आणि सर अर्स्किन पेरी हे दोघे मुंबई इलाख्यात दीर्घकाळ अधिकारपदी राहिलेले होते. हा अहवाल प्रसिद्ध करण्यात आला नाही. दादाभाई नवरोजींनी (१८२५–१९१७) पुढे तो वारंवार पुढे करून सरकारला त्याच्याच सल्लागारांच्या शब्दांनी कोंडीत पकडले. दादाभाईंनी कोणतीही सवलत मागितली नव्हती; तीच प्रश्नपत्रिका भारतातही सोडवू द्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे परीक्षेत यशस्वी झालेले पहिले भारतीय ठरले. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली व सेवेचा अखेरचा काळ त्यांनी सातारचे न्यायाधीश म्हणून घालविला. तुकारामाच्या अभंगांचा बंगालीत परिचय करून देण्याचे श्रेयही त्यांना जाते. १८६९ मध्ये चार भारतीय एकदम उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यांपैकी बॅनर्जी व ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून यादीतून काढण्यात आली. कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी सुरेंद्रनाथांचे वय सोळा लिहिलेले होते. वयाचे चालू वर्ष सांगण्याची येथील रीत असल्याने त्याचा अर्थ सोळावे वर्ष लागले, एवढाच होता. लंडनमधील आयुक्तांनी त्याचा अर्थ सोळा वर्षे पूर्ण, असा घेतला व दोघांनाही एकवीस वर्षांच्या मर्यादेबाहेर ढकलले. प्रकरण क्वीन्स बेंच न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा आयुक्तांनी माघार घेतली व दोघांची निवड कायम झाली. येथे उमेदवारांची बुद्धी वा ज्ञान यांविषयी शंका नव्हती. त्यांच्या घरची वय मोजण्याची रीत इंग्लंडमधील रीतीहून वेगळी होती, एवढाच त्यांचा दोष. सुरेंद्रनाथांना १८७४ मध्ये सेवेतून बडतर्फ करण्यात आले आणि त्यानंतर या प्रश्नावरील देशव्यापी चळवळीचे ते नेते झाले.

वयोमर्यादा हे या इतिहासातील सर्वांत परिणामकारक हत्यार. प्रारंभी ती तेवीस वर्षांची होती; १८६० मध्ये बावीस, १८६६ मध्ये एकवीस आणि १८७८ पासून एकोणीस वर्षांवर आणली गेली. परक्या भाषेत शिक्षण घेऊन, समुद्रपर्यटनाबद्दल जातीचा रोष पत्करून आणि प्रवासखर्चासाठी घर गहाण ठेवून एकोणिसाव्या वर्षाच्या आत लंडनमध्ये परीक्षेस बसणे जवळजवळ अशक्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने १८७८ मध्ये एका गोपनीय टिपणात याची कबुलीच दिली. भारतीयांच्या अपेक्षा पुऱ्या करणे शक्य नाही. त्यांना सरळ बंदी करणे किंवा फसविणे असे दोनच मार्ग होते आणि आपण त्यांतला कमी सरळ मार्ग निवडला, असा त्याचा आशय आहे. १८७० च्या कायद्याच्या आधारे १८७९ मध्ये लिटनने निर्माण केलेली वैधानिक मुलकी सेवा हे त्याचेच दुसरे अंग होय. तीत दरवर्षीच्या नेमणुकांपैकी एकषष्ठांशापर्यंत जागा चांगल्या घराण्यातील भारतीयांना नामनिर्देशनाने मिळावयाच्या होत्या. इंग्रज तरुणाची परीक्षा गुणांवर आणि भारतीयाची घराण्यावर, अशी ही उफराटी व्यवस्था सुशिक्षित वर्गाला रुचली नाही, यात नवल नाही. ती लवकरच बंद पडली.

परीक्षा उत्तीर्ण होऊनही वंश पाठ सोडीत नसे. बिहारीलाल गुप्त कलकत्ता शहरात दंडाधिकारी असताना युरोपियन आरोपींचे खटले चालवू शकत. बढतीने जिल्ह्यात गेल्यास मात्र तो अधिकार नष्ट होत असे. ही विसंगती त्यांनी १८८२ मध्ये निदर्शनास आणली आणि तीतून इल्बर्ट विधेयक (१८८३) जन्मास आले. युरोपियन समाजाच्या क्षोभापुढे सरकारने १८८४ मध्ये तडजोड स्वीकारली. इतर खात्यांतही हेच चित्र होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून काम केले असताना कायम जागेवर पीटर पीटरसन यांची नेमणूक झाली. पीटरसन विद्वान होते. प्रश्न त्यांच्या विद्वत्तेचा नव्हताच. भांडारकरांना पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळण्यास १८८२ साल उजाडले. जगदीशचंद्र बोस यांना कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात युरोपियनांहून कमी वेतन देऊ केले, तेव्हा त्यांनी तीन वर्षे वेतनास हात लावला नाही.

सर चार्ल्स एचिसन याच्या अध्यक्षतेखालील आयोगाने (१८८६–८७) वयोमर्यादा तेवीस करण्याची शिफारस केली, परंतु दोन्ही देशांत एकाच वेळी परीक्षा घेण्यास नकार दिला. आयोगात पुण्याचे कृष्णाजी लक्ष्मण नूलकर हेही सभासद होते. या सुमारास वादाला दुसरी बाजूही फुटली. सर सय्यद अहमदखान यांनी डिसेंबर १८८७ मध्ये लखनौ येथील भाषणात खुल्या स्पर्धेस विरोध केला. इंग्रजी शिक्षणात पुढे गेलेल्या बंगाली हिंदूंच्याच हाती त्यामुळे सत्ता जाईल, असे त्यांना वाटत होते. इंग्रज अधिकाऱ्यांनी या भीतीचा सोयीस्कर उपयोग करून घेतला हे खरे. पण भीती निराधार नव्हती. शिक्षणाची संधी विषम असताना समान परीक्षा कोणाला समान, हा प्रश्न परीक्षा लंडनहून मुंबईस आणल्याने सुटणारा नव्हता. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या राखून ठेवल्या, त्यामागे हाच विचार होता.

जून १८९३ मध्ये कॉमन्स सभेने दोन्ही देशांत एकाच वेळी परीक्षा घेण्याचा ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत केला. दादाभाई त्या वेळी सभेचे सभासद होते. भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली याने ठराव भारत सरकारकडे पाठविला, पण सेवेत पुरेशा संख्येने युरोपियन नेहमीच असले पाहिजेत, अशी पुस्तीही जोडली. मद्रासखेरीज सर्व प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल मत दिले व ठराव बारगळला. साठ वर्षांपूर्वीच्या कलमाचा व्यवहारातला अर्थ किंबर्लीच्या पुस्तीत स्पष्ट झाला : पात्रता हा निकष खरा, पण तो ठराविक मर्यादेपर्यंतच. लॉर्ड कर्झनने १९०४ च्या अर्थसंकल्पीय भाषणात ती मर्यादा तत्त्वाच्या भाषेत मांडली. राज्यकारभाराची जाण व मनाचा कणखरपणा हे गुण इंग्रजांना अंशतः आनुवंशिकतेने व अंशतः संस्काराने लाभतात, म्हणून सर्वोच्च जागा सर्वसाधारणपणे त्यांच्याकडेच राहिल्या पाहिजेत, असे त्याने सांगितले. परीक्षेत ज्याचे गुण मोजता येत नाहीत, अशा गुणाचा आधार येथे घेतलेला दिसतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्येच वेल्बी आयोगापुढील साक्षीत या व्यवस्थेची दुसरी किंमत दाखवून दिली होती : परकीय नोकरशाही खर्चिक तर आहेच, परंतु साऱ्या देशाला कायम दुय्यमपणात जगावे लागत असल्याने कर्तृत्वाची वाढच खुंटते.

इस्लिंग्टन आयोगाचे (१९१२–१५) गोखले सभासद होते. अहवाल पुरा होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात वरिष्ठ जागांपैकी पंचवीस टक्के जागा भारतात भराव्या, असे सुचविले होते. अब्दुर रहीम यांनी त्यास सविस्तर भिन्नमतपत्रिका जोडली. पहिल्या महायुद्धामुळे इंग्रज उमेदवार मिळेनासे झाले, तेव्हा १९१५ च्या कायद्याने स्पर्धा-परीक्षेवाचून नामनिर्देशनाने नेमणुका करण्याची सोय झाली व तिचा लाभ युद्धातून परतलेल्या इंग्रज तरुणांना मिळाला. लंडनच्या परीक्षेत १९१८ मध्ये चिंतामण द्वारकानाथ देशमुख प्रथम आले होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

भारतातील पहिली परीक्षा १९२२ मध्ये अलाहाबाद येथे झाली. ली आयोगाने १९२४ मध्ये वीस टक्के जागा प्रांतिक सेवेतून बढतीने, चाळीस टक्के भारतीयांतून व चाळीस टक्के युरोपियनांतून भराव्या व पंधरा वर्षांत उभयतांचे प्रमाण सारखे करावे, असे ठरविले. वंशाचा हिशेब आता उघडपणे टक्क्यांत मांडला जाऊ लागला. इंग्रज तरुण पुरेसे येईनात म्हणून १९३६ मध्ये त्यांच्यासाठी पुन्हा नामनिर्देशन सुरू करावे लागले. दरम्यान भारतीयांच्या वाट्यातही विभागणी झाली. जुलै १९३४ च्या ठरावाने केंद्रीय सेवांत थेट भरतीच्या पंचवीस टक्के जागा मुसलमानांसाठी व ८ १/३ टक्के इतर अल्पसंख्याकांसाठी राखल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४३ मध्ये अनुसूचित जातींना ८ १/३ टक्के जागा मिळाल्या. त्याच वर्षानंतर सनदी सेवेची भरती थांबली.

भारतीय राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास यांवरून शासकीय नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. १८३३ च्या कलमाची आठवण करून देणारी ही यादी आहे. त्याच अनुच्छेदाच्या चौथ्या खंडाने पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गांसाठी जागा राखण्याचा अधिकार राज्यास दिला. अनुच्छेद ३३५ मध्ये अनुसूचित जाती व जमाती यांचे हक्क प्रशासनाची कार्यक्षमता राखण्याशी सुसंगत रीतीने विचारात घ्यावेत, असे म्हटले असून २००० मधील ८२ व्या घटनादुरुस्तीने या जाती-जमातींच्या उमेदवारांकरिता पात्रतागुण व मूल्यमापनाचा दर्जा शिथिल करण्याची मुभा त्यास जोडली.