साधा भूतकाळ (इंग्रजी व्याकरण)

साधा भूतकाळ हा इंग्रजी भाषेतील एक काळ आहे. भूतकाळात घडून संपलेली क्रिया, त्या वेळची स्थिती किंवा त्या वेळची सवय सांगण्यासाठी तो वापरला जातो. शालेय परिभाषेत त्याला 'सिंपल पास्ट टेन्स' असेही म्हणतात. इतिहास, चरित्र, बातमी, कथा व दैनंदिनी या सर्व लेखनप्रकारांत हा काळ प्रामुख्याने आढळतो. मराठी भूतकाळाच्या तुलनेत त्याची रूपे फार थोडी आहेत. तरीही मराठी भाषकांना तो शिकताना काही ठरावीक अडचणी येतात, कारण भूतकाळाची खूण वाक्यात कोठे ठेवायची याविषयी दोन्ही भाषांचे नियम वेगळे आहेत.

या लेखातील इंग्रजी शब्द व वाक्ये उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

रचना

होकारार्थी वाक्यात कर्त्यानंतर क्रियापदाचे भूतकाळी रूप येते. शाळेत या रूपाला 'दुसरे रूप' किंवा 'व्ही टू' म्हणतात. कर्त्याचे लिंग, वचन वा पुरुष बदलला तरी हे रूप बदलत नाही. 'आय वेंट', 'शी वेंट', 'दे वेंट' या तिन्ही वाक्यांत क्रियापद एकच राहते. याला अपवाद 'बी' या क्रियापदाचा आहे. त्याची 'वॉज' आणि 'वेअर' अशी दोन रूपे होतात. 'आय', 'ही', 'शी', 'इट' आणि एकवचनी नामांसोबत 'वॉज' येते, तर 'वी', 'यू', 'दे' आणि अनेकवचनी नामांसोबत 'वेअर' येते.

नकारार्थी वाक्यात 'डिड नॉट' आणि त्यापुढे मूळ क्रियापद येते : 'शी डिड नॉट गो'. प्रश्नार्थक वाक्यात 'डिड' कर्त्याच्या आधी येते : 'डिड शी गो?' या दोन्ही रचनांत भूतकाळाची खूण 'डिड'वर असते. त्यामुळे मुख्य क्रियापद मूळ रूपात परत जाते. एका क्रियापद-समूहात भूतकाळाची खूण एकदाच येते, हा या काळाचा मध्यवर्ती नियम आहे. 'वॉज' आणि 'वेअर' यांना 'डिड'ची गरज लागत नाही : 'शी वॉज नॉट ॲट होम', 'वॉज शी ॲट होम?'

होकारार्थी वाक्यात जोर देण्यासाठीही 'डिड' वापरता येते. 'ही डिड कम' म्हणजे 'तो आलाच होता'. येथेही मुख्य क्रियापद मूळ रूपातच राहते.

नियमित क्रियापदे

बहुसंख्य इंग्रजी क्रियापदांना 'ई-डी' हा प्रत्यय लावून भूतकाळी रूप तयार होते. लेखनाचे नियम पुढीलप्रमाणे आहेत.

– शब्दाच्या शेवटी 'ई' असल्यास फक्त 'डी' लागतो. उदा. लिव्ह, लाइक.
– शेवटी व्यंजन व त्यापुढे 'वाय' असल्यास 'वाय' जाऊन 'आय-ई-डी' येते. उदा. स्टडी, क्राय. 'वाय'च्या आधी स्वर असल्यास हा बदल होत नाही. उदा. प्ले.
– एकाक्षरी शब्दात एका ऱ्हस्व स्वरानंतर एकच व्यंजन असल्यास ते व्यंजन दुप्पट होते. उदा. स्टॉप, प्लॅन.

प्रत्यय लिहिताना एकच असला तरी त्याचे उच्चार तीन होतात. मूळ शब्दाचा शेवट अघोष ध्वनीने होत असल्यास 'ट' ऐकू येतो : वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. स्वर किंवा घोष ध्वनीने होत असल्यास 'ड' ऐकू येतो : प्लेड, ओपन्ड, लिव्ह्ड. शेवटी 'ट' किंवा 'ड' असल्यास मात्र स्वतंत्र अक्षर उच्चारले जाते : वाँटिड, नीडिड. मराठीत लिहिलेले प्रत्येक अक्षर उच्चारण्याची सवय असते. त्यामुळे 'वॉकेड', 'हेल्पेड' असे उच्चार वर्गात वारंवार ऐकू येतात.

अनियमित क्रियापदे

सुमारे दोनशे क्रियापदांची रूपे वरील नियमांत बसत नाहीत. संख्येने ती कमी असली तरी रोजच्या बोलण्यातील बहुतेक महत्त्वाची क्रियापदे त्यांतच आहेत. त्यांचे स्थूलमानाने पुढील गट पडतात.

– स्वर बदलणारी : सिंग–सँग, राइट–रोट, कम–केम, गिव्ह–गेव्ह.
– स्वर बदलून शेवटी 'ट' किंवा 'ड' येणारी : कीप–केप्ट, टीच–टॉट, सेल–सोल्ड, टेल–टोल्ड.
– अजिबात न बदलणारी : कट, पुट, हिट, शट.
– पूर्णपणे वेगळे रूप घेणारी : गो–वेंट.

'रीड' या क्रियापदाचे लेखन दोन्ही काळांत सारखेच असते, पण भूतकाळातील उच्चार 'रेड' असा होतो.

या रूपांमागे भाषेचा इतिहास आहे. जर्मानिक भाषाकुलात क्रियापदांचे दोन मोठे वर्ग होते. एका वर्गातील क्रियापदे अंतर्गत स्वर बदलून भूतकाळ दाखवीत, तर दुसऱ्या वर्गातील क्रियापदांना दंत्य ध्वनीचा प्रत्यय लागे. आजचा 'ई-डी' हा त्याच प्रत्ययाचा वारस आहे. इंग्रजीत नव्याने आलेल्या क्रियापदांनी बहुधा हाच सोपा प्रत्यय स्वीकारला. 'वेंट' हे मुळात 'वेंड' या वेगळ्या क्रियापदाचे भूतकाळी रूप होते. कालांतराने 'गो'चे जुने भूतकाळी रूप मागे पडले आणि त्याची जागा 'वेंट'ने घेतली. मराठीतही 'जाणे' या क्रियापदाचे भूतकाळी रूप 'गेला' असे वेगळ्याच धातूवरून आलेले आहे.

उपयोग

१. ठरावीक वेळी घडून संपलेली क्रिया : 'जालना बिकेम अ डिस्ट्रिक्ट इन १९८१'. 'यस्टरडे', 'लास्ट इयर', 'टू डेज अगो' यांसारखे कालदर्शक शब्द या काळासोबत येतात.
२. एकामागून एक घडलेल्या क्रिया : 'शी ओपन्ड द डोअर, सॉ द रेन अँड क्लोज्ड इट'.
३. भूतकाळातील स्थिती : 'दे लिव्ह्ड इन अंबड'.
४. भूतकाळातील सवय : 'ही वॉक्ट टू स्कूल एव्हरी डे'.
५. वस्तुस्थितीच्या विरुद्ध कल्पना : 'इफ आय हॅड अ बायसिकल, आय वुड कम डेली'. येथे रूप भूतकाळाचे असले तरी अर्थ वर्तमानाचा आहे.
६. अप्रत्यक्ष कथन : 'ही सेड दॅट ही वॉज इल'. मराठीत 'तो म्हणाला की मी आजारी आहे' असे वर्तमानकाळी वाक्य चालते. इंग्रजीत दुसऱ्या क्रियापदाचा काळही सामान्यतः मागे सरकतो.

मराठीशी तुलना

मराठीतील साध्या भूतकाळाला पारंपरिक व्याकरणात ल-आख्यात म्हणतात. अकर्मक क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते : मुलगा गेला, मुलगी गेली, मुले गेली. बहुतेक सकर्मक क्रियापदे कर्माप्रमाणे बदलतात : आजीने पेरू विकला, आजीने मोसंबी विकली, आजीने आंबे विकले. या तिन्ही वाक्यांना इंग्रजीत 'सोल्ड' हा एकच शब्द पुरतो. म्हणजे मराठी भाषक लहानपणीच अधिक गुंतागुंतीचा भूतकाळ आत्मसात करतो. इंग्रजीत त्याला रूपे कमी शिकावी लागतात, पण पुढील बाबतींत मातृभाषेची सवय बाजूला ठेवावी लागते.

नकार आणि प्रश्न : मराठीत 'तो गेला नाही' आणि 'तो गेला का?' या दोन्ही वाक्यांत भूतकाळ मुख्य क्रियापदावरच राहतो. त्याच पद्धतीने इंग्रजी वाक्य जुळवल्यास 'ही डिड नॉट वेंट' अशी चूक होते. येथे भूतकाळ दोनदा दाखवला जातो.

'गेलो होतो' : बोली मराठीत साध्या, संपलेल्या घटनेसाठीही 'मी काल राजूरला गेलो होतो' असे म्हणतात. त्याचे शब्दशः रूपांतर 'आय हॅड गॉन' असे केले जाते. इंग्रजीत हे रूप भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीची घटना दाखवण्यासाठी असते. तशी दुसरी घटना नसल्यास 'आय वेंट टू राजूर यस्टरडे' हेच योग्य ठरते.

'पाहिले आहे' : 'मी तो किल्ला पाहिला आहे' यासाठी 'आय हॅव सीन' हे पूर्ण वर्तमानकाळाचे रूप येते. पण 'काल', 'गेल्या वर्षी' असा निश्चित काळ सांगितला की साधा भूतकाळच लागतो. 'आय हॅव सीन इट यस्टरडे' हे वाक्य प्रमाण इंग्रजीत चुकीचे मानले जाते.

रीतिभूतकाळ : 'तो जाई', 'तो जात असे', 'तो जायचा' या मराठी रूपांतून सवय व्यक्त होते. इंग्रजीत त्यासाठी 'यूज्ड टू' ही रचना आहे. तथापि 'एव्हरी डे'सारखा शब्द असल्यास साधा भूतकाळही पुरेसा होतो.

भूतकाळी रूप, भविष्याचा अर्थ : 'पाऊस पडला तर पेरणी होईल' या वाक्यातील 'पडला' हे रूप भूतकाळाचे असले तरी घटना पुढची आहे. इंग्रजीत तेथे वर्तमानकाळ येतो : 'इफ इट रेन्स'. हाक मारल्यावर निघण्यापूर्वीच 'आलो!' असे उत्तर दिले जाते, त्याचेही इंग्रजी रूप 'आय केम' होत नाही. 'आय ॲम कमिंग' असे होते.

महाराष्ट्रातील अध्यापन

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजीचे अध्यापन दीर्घकाळ पाचवीपासून होत असे. २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. पाठ्यपुस्तके १९६७ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळामार्फत, म्हणजेच बालभारतीमार्फत, तयार होतात. काळांचे अध्यापन परंपरेने व्याकरण-भाषांतर पद्धतीने होत आले. नियम सांगणे, 'गो–वेंट–गॉन' अशी तीन रूपांची तक्ते पाठ करून घेणे आणि मराठी वाक्यांचे इंग्रजीत रूपांतर करणे हे तिचे प्रमुख भाग होत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही या पद्धतीची महाराष्ट्रातील सर्वपरिचित पुस्तकमालिका होय.

जालना जिल्ह्याची पार्श्वभूमी उर्वरित महाराष्ट्राहून थोडी वेगळी आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, मात्र इंग्रजी हा विषय तेथे सक्तीचा होता. त्यामुळे जुन्या मराठवाड्यातील विद्यार्थ्याला घरी मराठी, शिक्षणात उर्दू आणि त्यानंतर इंग्रजी असा प्रवास करावा लागे. १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर उच्च शिक्षणाची सोय प्रदेशातच झाली.

तक्ता पाठ केल्याने रूपे लक्षात राहतात, पण ती वाक्यात कोठे वापरायची आणि कोठे नाही हे त्यातून कळत नाही. ज्याला 'वेंट' पाठ आहे तोच 'डिड नॉट वेंट' लिहितो. म्हणून रूपांच्या पाठांतराला नकारार्थी व प्रश्नार्थक वाक्यांची आणि सलग कथनाची जोड द्यावी लागते.

परिसराच्या इतिहासातून सराव

साधा भूतकाळ हा इतिहासकथनाचा काळ असल्याने परिचित घटनांची वाक्ये सरावाला उपयोगी पडतात. जालना जिल्ह्याविषयीची काही वाक्ये व त्यांतील विशेष पुढे दिले आहेत.

– 'समर्थ रामदास वॉज बॉर्न ॲट जांब इन १६०८.' समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये जांब येथे झाला. जन्माविषयी सांगताना 'वॉज' किंवा 'वेअर' आवश्यक असते. केवळ 'रामदास बॉर्न' असे लिहिणे चुकीचे आहे.
– 'वेलस्ली फॉट द बॅटल ऑफ असई ऑन २३ सप्टेंबर १८०३.' आर्थर वेलस्लीने असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी लढली. 'फाइट'चे भूतकाळी रूप 'फॉट' आहे. मराठीत 'लढाई लढली' आणि 'युद्ध लढले' असा फरक पडतो, इंग्रजीत पडत नाही.
– 'बद्रीनारायण बारवाले फाउंडिड महिको इन १९६४.' बद्रीनारायण बारवाले यांनी महिको या बियाणे कंपनीची स्थापना १९६४ मध्ये केली. हे रूप 'फाउंड' म्हणजे स्थापणे या नियमित क्रियापदाचे आहे. 'फाइंड' म्हणजे सापडणे, त्याचे भूतकाळी रूप 'फाउंड' असे होते. या दोहोंत नेहमी गोंधळ होतो.
– 'ही वन द वर्ल्ड फूड प्राइझ इन १९९८.' त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 'विन'चे भूतकाळी रूप 'वन' होय.
– 'जालना बिकेम अ सेपरेट डिस्ट्रिक्ट ऑन १ मे १९८१.' १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीचा त्याचा बहुतांश भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता.

यांतील प्रत्येक वाक्याचे नकारार्थी व प्रश्नार्थक रूप करून पाहिल्यास 'डिड'चा नियम पक्का होतो. उदा. 'वेन डिड जालना बिकम अ डिस्ट्रिक्ट?' येथे 'बिकेम' पुन्हा 'बिकम' होते. रामदासांविषयीच्या वाक्याचा प्रश्न मात्र 'वेअर वॉज ही बॉर्न?' असा होतो, कारण तेथे 'वॉज' आहे आणि 'डिड' येत नाही.

दुसरा प्रचलित सराव म्हणजे रोजनिशी. दिवसभरातील पाच घटना रात्री पाच वाक्यांत लिहिणे आणि न घडलेल्या दोन गोष्टी नकारार्थी वाक्यांत लिहिणे, अशी तिची साधी पद्धत आहे. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारून मिळालेली माहिती इंग्रजीत लिहिल्यास सवय, स्थिती आणि घटना या तिन्ही उपयोगांचा सराव एकत्र होतो.

चुकीची व बरोबर वाक्ये

चूक : 'आय डिडन्ट सॉ हिम.' बरोबर : 'आय डिडन्ट सी हिम.'
चूक : 'डिड यू वेंट टू परतूर?' बरोबर : 'डिड यू गो टू परतूर?'
चूक : 'आय हॅव मेट हर लास्ट वीक.' बरोबर : 'आय मेट हर लास्ट वीक.'
चूक : 'वी वॉज इन द फील्ड.' बरोबर : 'वी वेअर इन द फील्ड.'
चूक : 'ही कटेड द ग्रास.' बरोबर : 'ही कट द ग्रास.'
चूक : 'डिड शी वॉज इल?' बरोबर : 'वॉज शी इल?'