शिकेकाईच्या मुलखातला साबण

कोल्हापुरात बचत गटांचं प्रदर्शन भरलं की लोणची-पापडांच्या शेजारी हल्ली घरी केलेल्या साबणाच्या वड्याही दिसतात. हळदीचा, कडुनिंबाचा, गुळाचा, शिकेकाईचा. वेष्टणावर 'पारंपरिक' हा शब्द बहुधा असतोच. हळद पारंपरिक आहे, शिकेकाई तर आहेच. साबण मात्र नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या घरांत साबण करायची रीत नव्हती. कुणाला जमत नव्हतं म्हणून नव्हे, त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं म्हणून.

राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड. जिल्ह्याच्या पश्चिमेचा हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या रानाचा. शिकेकाईची काटेरी वेल इथं झाडांवर चढून माजते. शेंगा वाळल्या की काढायच्या, त्यात रिठा, नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळलेली संत्र्याची साल घालायची आणि दळून आणायचं. दळताना गिरणीत ठसका लागतो, म्हणून धान्याच्या गिरणीवाल्यांना हे दळण नको असतं. ही झाली केसांची सोय. अंगाला डाळीचं पीठ, सणाला तेल आणि उटणं. भांड्यांना राख आणि नारळाची शेंडी. रेशमी लुगडं रिठ्याच्या पाण्यात. रोजच्या मळक्या कपड्यांचं काम परटाचं, आणि त्याची भट्टी चालायची पापडखारावर.

रिठा आणि शिकेकाई या दोन्हींत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. पाण्यात घुसळली की फेस येतो, तेलकट मळ सुटतो. साबणापेक्षा एका बाबतीत ती सरसच: विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, रिठ्याचा होत नाही. सराफी धंद्यानं रिठा अजून सोडलेला नाही, तो उगीच नव्हे. हातकणंगले तालुक्यातलं हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी ओळखलं जातं. चांदी उजळायला रिठ्याचं पाणी आणि पितळी तारांचा ब्रश हीच कारागिरांची जुनी जोडी.

तालमींचा हिशेब आणखी वेगळा. आखाड्याच्या लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मुरवलेलं असतं, आणि पैलवान ती अंगाला चोळून घेतो. बाहेरच्या माणसाला तो मळ वाटेल. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत कुणाला तसं म्हणून पाहावं.

मग साबण झाला तरी कुठे? तेलाला खाराची जोड मिळाली की साबण होतो. चुलीच्या राखेतून निघतो तो मुख्यतः पोटॅशचा खार. त्याचा साबण मऊ, लिबलिबीत होतो, त्याची वडी पडत नाही. घट्ट वडीला सोड्याचा खार लागतो. महाराष्ट्रात तो निसर्गानंच साठवून ठेवला आहे बुलढाण्यातल्या लोणारच्या सरोवरात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाडचं वर्णन करताना लोणारच्या डोंगरांत काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं, असं नोंदवून ठेवलं आहे. थोडक्यात, विद्या महाराष्ट्रात होती, माल होता. पण शिकेकाईच्या रानालगत राहणाऱ्यांनी त्याच्यासाठी तंगडतोड का करावी?

साबण स्वतःच आला. १८७९मध्ये मेरठला नॉर्थ वेस्ट सोप कंपनी निघाली, १८८८मध्ये लिव्हरच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कोलकात्याच्या बंदरात उतरल्या, आणि १८९१मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबई-पुण्याच्या मालाला कोल्हापूर जवळ आलं. तरी सोवळ्या घरांत साबणाला सहज प्रवेश नव्हता. त्यात जनावराची चरबी असते, ही शंका होती, आणि ती खोटी नव्हती. ती अडचण आर्देशर गोदरेजांनी १९१८मध्ये वनस्पती तेलाचा साबण काढून सोडवली. धंदा कुलपांचा, म्हणून साबणाचं नावही 'चावी'. रंकाळ्याकाठी कपडे धुण्याच्या जागेला कोल्हापूरकर 'धुण्याची चावी' म्हणतात. दोन्हींचा संबंध काही नाही, पण जाहिरात करणाऱ्याला आयती सापडली असती.

म्हैसूरच्या संस्थानानं चंदनतेलाच्या जोरावर स्वतःचा साबण कारखाना उभारला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मात्र भर दिला तो सूतगिरणीवर, गुळाच्या पेठेवर आणि राधानगरीच्या धरणावर. शेतकऱ्यांच्या राज्यात हा क्रम बरोबरच म्हणायला हवा.

अंगाच्या साबणाची हौस लावली ती सिनेमानं, आणि त्यात कोल्हापूरचा धागा सापडतो. लक्स भारतात आला १९२९मध्ये; प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात निघाली तीही त्याच साली. १९३६मध्ये मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्सनं 'छाया' काढला. कथा वि. स. खांडेकरांची, नायिका लीला चिटणीस. पुढे १९४१मध्ये याच लीलाबाई लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. तोवर तो मान परदेशी नट्यांचा होता.

घरी साबण करण्याची आजची हौस या सगळ्यानंतरची, गेल्या काही वर्षांतली. तिची कृती सोपी, पण धाकाची. अर्धा किलो खोबरेल तेलाला नव्वद ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक सोडा लागतो. तो पाण्यात घालायचा. सोड्यावर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतं. ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, सोडा ते खातो. 'केमिकलविरहित' असं कुणी छापलं असेल तर हसून सोडून द्यावं, कारण खाराशिवाय साबण होत नाही. काहीजण तयार साबणाचा गोळा आणून वितळवतात. त्यात सोडा कारखान्यानं आधीच घातलेला असतो, इतकंच.

शिकेकाईच्या वडीबद्दल तर शंकाच आहे. शिकेकाईचं पाणी किंचित आंबट, साबण चांगलाच खाराच्या गुणाचा. त्यात पडलेली चमचाभर पूड रंग देते, थोडं खरखरीतपण देते; केस धुवायचे तर ती नुसतीच भिजवलेली बरी. उलट ज्याला परंपरेचा काही आधार नाही, त्या गुळाच्या साबणात तथ्य आहे: साखरेनं साबणाचा फेस वाढतो, आणि गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. फक्त तो बेतानं घालावा लागतो, कारण साखरेनं मिश्रण तापतं आणि साच्यात फुगून वर येतं. वड्या पडल्यावरही चार ते सहा आठवडे वाऱ्यावर वाळवाव्या लागतात. म्हणजे दिवाळीत विकायचा साबण पितृपक्षातच ओतायचा.