डासामागे एक आणा

हिवताप डासांमुळे होतो हा शोध सर रोनाल्ड रॉसने 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत लावला, असे शालेय पुस्तकांत एका ओळीत सांगून टाकलेले असते. त्या दिवशी झाले ते इतकेच, की रक्त पिऊन चार दिवस झालेल्या एका डासाच्या पोटाच्या भिंतीत रॉसला काळसर कण असलेल्या काही गोल पेशी दिसल्या. डास माणसाला हिवताप देतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले नाही. माणसाच्या बाबतीत ते पुढच्या वर्षी रोममध्ये सिद्ध झाले, आणि ते करणारे लोक वेगळे होते. तरीही 20 ऑगस्ट हा ‘जागतिक डास दिन’ ठरला. तो ठरवण्यात रॉसचा स्वतःचा हात मोठा होता.

रॉसचा जन्म 13 मे 1857 चा, अल्मोड्याचा. मीरतचा उठाव होऊन तीनच दिवस झाले होते. वडील कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी. मुलाला चित्रकार किंवा लेखक व्हायचे होते, वडिलांनी त्याला लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात वैद्यकी शिकायला घातले. 1881 मध्ये तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये लागला आणि पुढची काही वर्षे मद्रास, ब्रह्मदेश, अंदमान, बंगळूर अशा बदल्यांत गेली. नोकरीत त्याचे मन फारसे नव्हते. कविता, कादंबऱ्या आणि गणित यांवर त्याने डॉक्टरकीइतकाच वेळ घालवला. हिवतापाबद्दल त्याचे पहिले मत तर साफ चुकीचे होते. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हराँ याने 1880 मध्ये अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीन गावी रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला होता. रॉसला मात्र भारतात शोधूनही तो दिसला नाही. तेव्हा लाव्हराँचीच नजर चुकली असावी, आणि हा ताप आतड्यातल्या विषारापासून येत असावा, असे त्याने लेख लिहून मांडले. खरी अडचण एवढीच होती, की काय पाहायचे हे त्याला कोणी दाखवले नव्हते.

ते दाखवले पॅट्रिक मॅन्सनने, 1894 मध्ये लंडनला. मॅन्सनने चीनमधल्या अमॉय बंदरात नोकरी केली होती. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत रुग्णाच्या रक्तातून डासाच्या पोटात जाऊन वाढतात, हे त्याने 1877 मध्ये तिथे पाहिले. त्यासाठी त्याने आपल्या माळ्याला डासांच्या हवाली केले होते, कारण त्या माळ्याच्या रक्तात जंत होते. हिवतापाचेही असेच काही असावे, हे मॅन्सनचे अनुमान बरोबर निघाले. पुढच्या पायरीवर मात्र तो घसरला. मादी डास पाण्यावर अंडी घालून तिथेच मरते आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असे त्याचे म्हणणे होते. डास एकदाच रक्त पितो असा त्याचा समज होता, त्यामुळे चाव्यातून रोग जाण्याचा विचार त्याच्या डोक्यात आला नसावा. रक्तातल्या परजीवीला फुटणारे चाबकासारखे तंतू म्हणजे बीजाणू, हाही त्याचा समज चुकीचाच होता. ते तंतू नरबीजे आहेत, हे 1897 मध्ये मॅकॅलम या तरुण संशोधकाने पक्ष्यांच्या रक्तात दाखवून दिले.

हे सगळे डोक्यात घेऊन रॉस 1895 च्या वसंतात बोटीने भारतात परतला. मुंबई बंदरावर सामान कस्टममधून सुटायच्या आतच तो हिवतापाचे रुग्ण शोधायला सिव्हिल इस्पितळात गेला होता. सिकंदराबादेत पोचल्यावर त्याने अब्दुल कादिर नावाच्या रुग्णाला डास चावू दिले, ते डास पाण्यात मरू दिले आणि ते पाणी लक्ष्मण नावाच्या निरोगी तरुणाला पाजले. लक्ष्मणला काही दिवसांनी थोडा ताप आला आणि रॉसला सिद्धांत खरा झाल्यासारखे वाटले. पुढे असेच पाणी आणखी काही जणांना पाजले, तर बहुतेकांना काही झाले नाही. चुकीच्या सिद्धांताला सुरुवातीलाच असा एखादा होकार मिळाला, की तो सोडायला दुप्पट वेळ लागतो. रॉसची त्यात दोन वर्षे गेली. पैसे घेऊन हे पाणी पिणाऱ्यांना ते काय पितात याची पुरती कल्पना असावी, असे मानायला जागा नाही. त्या काळी तसे विचारण्याचा रिवाजच नव्हता.

डास ओळखण्यातही त्याची बोंबच होती. कीटकशास्त्र तो शिकला नव्हता आणि हिंदुस्थानातल्या डासांवर हाताशी चांगले पुस्तकही नव्हते. त्याने आपल्यापुरती तीन नावे पाडली: करडे, पट्टेवाले आणि ठिपकेदार पंखांचे. आजच्या भाषेत करडे म्हणजे क्युलेक्स, पट्टेवाले म्हणजे एडिस आणि ठिपकेदार पंखांचे म्हणजे अॅनोफिलिस. हिवतापाचा वाहक हा तिसरा. पण घरांत पहिले दोनच जास्त सापडत, म्हणून दोन वर्षे चिरफाड झाली ती बहुतेक त्यांचीच, आणि त्यांत काही निघणे शक्यच नव्हते.

1897 च्या ऑगस्टमध्ये इस्पितळातल्या हिंदी नोकरांनी ठिपकेदार पंखांच्या डासांच्या अळ्या बाटलीतून आणून दिल्या. त्यांतून निघालेले डास 16 ऑगस्टला हुसेन खान या रुग्णावर सोडले. हुसेन खानच्या रक्तात चंद्रकोरीच्या आकाराचे परजीवी भरपूर होते. दर ठरला होता रक्त प्यालेल्या डासामागे एक आणा. पुढे रोज एक-दोन डास मारून, सुईने पोट काढून काचेवर पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहायचे, असे चालले. कपाळाच्या आणि हातांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, शेवटच्या भिंगाला तडा गेला होता. पंखा ओढायला सांगावे तर वाऱ्याने डासांचे तुकडे उडून जात, म्हणून पंखा बंद, आणि चिलटे डोळ्यांत शिरत. 20 तारखेला दुपारी उरलेल्या दोन डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत त्याला त्या काळसर कणांच्या पेशी दिसल्या. 21 तारखेला शेवटचा डास फाडला तेव्हा त्यातल्या पेशी मोठ्या झालेल्या होत्या. शास्त्राच्या दृष्टीने वजनदार पुरावा हा दुसऱ्या दिवशीचा, कारण काहीतरी जिवंत आहे आणि वाढते आहे हे त्याने दिसले. दिनविशेषात मात्र 20 तारीखच राहिली. रॉसने त्यावर कविता करून बायकोला पाठवली. पुढे तीच कविता कलकत्त्याच्या स्मारकावर कोरली गेली.

डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला त्याचा लेख अवघ्या दोन डासांवर आधारलेला होता. तोवर त्याची बदलीही झाली होती. आधी मुंबई, आणि तिथून राजपुतान्यातले खेरवाडा, जिथे हिवताप जवळपास नव्हताच. रॉस आयुष्यभर सरकारच्या नावाने बोटे मोडत राहिला, त्यात अतिशयोक्ती पुष्कळ होती. पण ही बदली खरोखरच आडमुठेपणाची होती. मॅन्सनने लंडनहून खटपट केल्यावर 1898 च्या सुरुवातीला त्याला कलकत्त्याला प्रयोगशाळा मिळाली. तिथे प्लेगची धास्ती होती. सरकार टोचून मारते अशा अफवा पिकल्या होत्या, त्यामुळे रक्तासाठी बोटाला सुई लावू द्यायला कोणी तयार होईना. नाइलाजाने रॉस पक्ष्यांकडे वळला. चिमण्या आणि चंडोल यांनाही हिवतापाचा एक प्रकार होतो आणि तो करडे डास वाहून नेतात. नाइलाजाने धरलेल्या याच वाटेवर त्याचे सर्वांत भक्कम काम झाले. 4 जुलै 1898 च्या सुमारास त्याला दिसले, की परजीवी डासाच्या पोटातून अंगभर पसरून शेवटी लाळेच्या ग्रंथीत जमा होतात. लाळ म्हणजे चावा. मॅन्सनची पाण्याची कल्पना तिथे संपली.

या कामात मोहम्मद बक्ष नावाचा मदतनीस रात्रंदिवस होता. डास पकडणे, पाळणे, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात सोडणे हे सारे तो करी. त्याच्याबरोबर ठेवलेला दुसरा मदतनीस पहिला पगार हातात पडताच पसार झाला. किशोरी मोहन बंद्योपाध्याय हा बंगाली तरुणही रॉसबरोबर काम करत होता. कलकत्त्यात त्यांची नावे आज माहीत आहेत ती बंगाली अभ्यासकांनी ती जपली म्हणून. आठवणींच्या पुस्तकात रॉसने आपल्या मदतनिसांविषयी आपुलकीने लिहिले आहे, पण ती मालकाने विश्वासू नोकराविषयी बोलावी तशी आपुलकी आहे. शोधातला वाटा असा शब्द तिथे येत नाही.

याच सुमारास रोममध्ये बॅतिस्ता ग्रासी, बिग्नामी आणि बास्तियानेल्ली काम करत होते. ग्रासी प्राणिशास्त्रज्ञ होता. हिवताप असलेल्या आणि नसलेल्या गावांतल्या डासांची त्याने जातवार तुलना केली आणि अॅनोफिलिसवर बोट ठेवले. नेमकी हीच विद्या रॉसकडे नव्हती. 1898 च्या हिवाळ्याच्या तोंडाला रोमच्या सांतो स्पिरितो इस्पितळात डास चावून एका माणसाला हिवताप झाल्याचे दिसले आणि माणसाच्या बाबतीतला पुरावा पुरा झाला. उरलेली शंका मॅन्सनने 1900 मध्ये फेडली. रोमहून आणवलेले डास त्याने लंडनमध्ये आपल्या मुलाला चावू दिले आणि मुलगा हिवतापाने पडला.

मग श्रेयाची भाऊबंदकी सुरू झाली. ग्रासीने आपल्या ग्रंथात रॉसचे श्रेय जेवढे कमी करता येईल तेवढे केले. रॉसचे लेख आपल्याला आधीपासून ठाऊक होते, हे त्याला मोकळेपणाने सांगता आले असते. रॉसने त्याला जाहीरपणे लबाड आणि भोंदू ठरवले आणि पुढची तीस वर्षे तोच पाढा चालू ठेवला. रॉबर्ट कॉखचे ग्रासीशी आधीच वाकडे होते, त्याने आपले वजन रॉसच्या पारड्यात टाकले. 1902 चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉसला मिळाले. ब्रिटनचे ते पहिले नोबेल. ग्रासीला ते कधीच मिळाले नाही. लाव्हराँला 1907 पर्यंत थांबावे लागले. मॅन्सनच्या वाट्यालाही काही आले नाही, आणि पुढे एका शिफारसपत्रातल्या मजकुरावरून रॉस आपल्या या गुरूवरच बदनामीची कायदेशीर कारवाई करायला निघाला. मॅन्सनने माफी मागून ते मिटवले.

या सगळ्यावरून रॉस निव्वळ कज्जेदलाल होता असे ठरवणेही घाईचे होईल. पंजाबातल्या मलकवाल गावी 1902 मध्ये प्लेगची लस टोचल्यावर 19 माणसे धनुर्वाताने दगावली. मुंबईच्या परळमधल्या प्लेग प्रयोगशाळेचा प्रमुख हाफकिन याच्यावर ठपका ठेवून सरकारने त्याला बाजूला सारले. तेव्हा त्याच्यासाठी इंग्लंडमध्ये सर्वांत आवाज केला तो रॉसने. बाटली उघडताना दूषित झाली, परळमध्ये नव्हे, हे त्याने 1907 मध्ये लेखांतून आणि टाइम्समधल्या संयुक्त पत्रातून मांडले, आणि हाफकिनवरचा कलंक धुतला गेला. भांडखोरपणा तोच, फक्त या वेळी भांडण दुसऱ्याचे होते.

डास मारले की हिवताप संपलाच, हा त्याचा दुसरा हट्ट. लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत 1902 पासून नाले बुजवून, अळ्या मारून तसा प्रयोग झाला, आणि शेजारच्या कालव्यांच्या मुलखात तो सपशेल फसला. प्रयोगच अर्धवट केला, असे रॉसचे म्हणणे. मुंबईत मात्र जागा आटोपशीर होती. 1911 मध्ये डॉ. बेंटलीने दाखवून दिले, की शहरातला हिवताप मुख्यतः घरांमधल्या विहिरींतून येतो, कारण अॅनोफिलिस स्टीफेन्सी हा डास त्यांत वाढतो. विहिरी बुजवायला पारशी आणि हिंदू दोघांचाही धर्माच्या कारणाने विरोध होता, म्हणून त्यांवर झाकणे बसवण्याचा मार्ग निघाला.

आपल्याकडे आणखी एक दंतकथा चालते, की हे सारे सुश्रुताने आधीच लिहून ठेवले होते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पाच प्रकारचे मशक सांगितले आहेत आणि त्यांच्या दंशाची लक्षणेही आहेत, हे खरे. पण पाळीच्या तापाचे, म्हणजे विषमज्वराचे वर्णन उत्तरतंत्रात निराळे येते, आणि तिथे कारण दोषांचे दिले आहे, मशकाचे नाही. मराठीत आज विषमज्वर म्हणजे टायफॉइड, त्यामुळे जुने वाक्य वाचताना घोटाळा आणखी वाढतो.

एडवर्ड जेन्नरला देवीच्या लशीबद्दल पार्लमेंटने दोन वेळा मिळून 30,000 पौंड दिले होते. त्याच न्यायाने आपल्यालाही मिळावेत म्हणून रॉसने सरकारकडे अर्ज केला. तो फेटाळला गेला. ग्रासी 1925 मध्ये वारला. त्यानंतर काही वर्षांनी म्हाताऱ्या रॉसने आपली सारी कागदपत्रे विकायला काढली, आणि ती लेडी ह्यूस्टन या श्रीमंत बाईने 2,000 पौंडांना घेतली. रॉस 1932 मध्ये गेला. त्याने प्रत्येक चिठोरे जपून ठेवले होते, उद्देश आपला अग्रहक्क शाबीत करण्याचा. म्हणूनच मॅन्सनला लिहिलेल्या पत्रांत आज सारे सापडते: लक्ष्मणला पाजलेले पाणी, चुकीच्या जातीच्या डासांवर गेलेले महिने आणि डासामागे ठरलेला एक आणाही.