ज्यू वंशसंहार : वाचलेल्यांच्या साक्षी

दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी युरोपातील सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. त्यातून जे जिवंत राहिले त्यांनी सांगितलेले, लिहून ठेवलेले वा चित्रित करू दिलेले स्वानुभव आणि ते पुढील पिढ्यांना शिकवण्याची परंपरा हा या नोंदीचा विषय आहे. वाचलेले लोक युद्धानंतर दीर्घकाळ मुके राहिले आणि १९६१ मध्ये नाझी अधिकारी आइखमान याच्यावर चाललेल्या खटल्यानंतरच बोलू लागले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. हे लोक पहिल्या दिवसापासून बोलत होते. त्यांचे ऐकून घ्यायला फार थोडे जण तयार होते.

साक्षी गोळा करण्याचे काम तर हत्याकांड चालू असतानाच सुरू झाले. वॉर्सातील ज्यूंना भिंत घालून एका कोंडवस्तीत (घेट्टो) डांबले गेले, तेव्हा नोव्हेंबर १९४० मध्ये इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लुम यांनी ‘ओनेग शाब्बात’ नावाचा गुप्त गट उभारला. शिक्षक, पत्रकार, लेखक, धर्मगुरू अशा पन्नास-साठ जणांनी रोजनिशा, मुलांचे निबंध, शिधापत्रिका, पत्रके, निर्वासितांच्या हकीकती, असे हाती लागेल ते सारे जपले. आपला इतिहास मारेकऱ्यांच्या कागदपत्रांवरून लिहिला जाऊ नये, हा त्यामागचा हट्ट होता. ऑगस्ट १९४२ मध्ये, ट्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे रोज गाड्या भरून जात असताना, या संग्रहाचा पहिला भाग पत्र्याच्या दहा पेट्यांत घालून एका शाळेच्या तळघरात पुरण्यात आला. रिंगेलब्लुम मार्च १९४४ मध्ये कुटुंबासह मारले गेले. गटातले मोजके लोक वाचले; त्यांपैकी एक राखेल आउएरबाख.

आउएरबाख या मूळच्या पत्रकार. कोंडवस्तीत त्या रिंगेलब्लुम यांच्या सांगण्यावरून गरिबांसाठी सूपचे अन्नछत्र चालवीत आणि तिथे जेवायला येणाऱ्यांबद्दल लिहून ठेवीत. रोज पातळ सूप मिळूनही माणसे उपासमारीने मरतच होती, हे त्यांनी जवळून पाहिले. युद्ध संपल्यावर ढिगाऱ्याखालचा संग्रह शोधून काढावा म्हणून त्यांनी जाहीरपणे आग्रह धरला. वाचलेल्यांपैकी हेर्श वासर यांना पुरल्याची जागा ठाऊक होती. सप्टेंबर १९४६ मध्ये पेट्या सापडल्या आणि डिसेंबर १९५० मध्ये दुधाच्या दोन कॅनांत ठेवलेला दुसरा भाग मिळाला. तिसरा भाग आजवर सापडलेला नाही. उरलेला संग्रह सुमारे ३५,००० पानांचा आहे आणि वॉर्सातील ज्यू इतिहास संस्थेत ठेवलेला आहे. युनेस्कोने १९९९ मध्ये त्याची ‘जागतिक स्मृती’ यादीत नोंद केली.

आउएरबाख १९५० मध्ये इस्राएलला गेल्या. १९५४ मध्ये ‘याद वाशेम’ या राष्ट्रीय स्मारकसंस्थेचा साक्षी नोंदवणारा विभाग त्यांनी तेल अवीवमध्ये सुरू केला. तेथील इतिहासकारांशी त्यांचे खटके उडाले. त्या इतिहासकारांचा भर सरकारी कागदांवर होता. आउएरबाख यांना मात्र शिंपी, गृहिणी, शाळकरी पोरे यांचे कथन त्यांच्याच भाषेत आणि सावकाश घ्यायचे होते. आज मौखिक इतिहासाची जी शिस्त विद्यापीठांत शिकवली जाते, ती या बाईंनी तेव्हा, कुणाचा फारसा पाठिंबा नसताना, रोजच्या कामात आणली होती. या क्षेत्रातील त्यांचे श्रेय अजून पुरते दिले गेलेले नाही.

त्या एकट्याच होत्या असेही नव्हे. पोलंडमध्ये १९४४ पासूनच ज्यू इतिहास आयोगाने हजारो जबान्या लिहून घेतल्या होत्या. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बोडर १९४६ च्या उन्हाळ्यात तारेवर आवाज मुद्रित करणारे यंत्र घेऊन युरोपातील निर्वासित छावण्यांत फिरले आणि त्यांनी शंभराहून अधिक मुलाखती घेतल्या. मानवी आवाजात टिकून राहिलेल्या या सर्वांत जुन्या साक्षींपैकी आहेत. तरीही त्या अनेक दशके जवळजवळ अज्ञात राहिल्या. वाचलेले इटालियन लेखक प्रीमो लेव्ही यांचे ऑश्वित्झ छावणीवरील पुस्तक मोठ्या प्रकाशकाने नाकारल्यावर १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशनाने २,५०० प्रतींत काढले. त्याला खरा वाचक मिळाला तो १९५८ च्या आवृत्तीनंतर. छावणीतूनच वाचलेले एली विझेल यांच्या आठवणी प्रथम १९५६ मध्ये ब्वेनोस आइरेसला यिडिशमध्ये छापल्या गेल्या, म्हणजे त्या वाचणारेही बहुतेक त्यांच्यासारखे यिडिशभाषक ज्यूच होते.

आइखमान खटल्याचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. सरकारी वकील गिडेऑन हाउझनर यांनी जेरुसलेमच्या न्यायालयात शंभराहून अधिक साक्षीदार उभे केले. ते निवडण्यास आउएरबाख यांच्या विभागाने मदत केली. रेडिओवरून त्यांचे बोलणे इस्राएलभर घरोघरी पोहोचले. तिथून ऐकणाऱ्यांची संख्या वाढली.

पुढचा टप्पा चित्रफितीचा. १९७९ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे दूरचित्रवाणी निर्मात्या लॉरेल व्लॉक आणि स्वतः लहानपणी छावणीतून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ डोरी लाउब यांनी मुलाखती चित्रित करायला सुरुवात केली. पुढे तो संग्रह येल विद्यापीठात गेला आणि त्यात ४,४०० हून अधिक साक्षी जमल्या. लाउब यांनी सांगितलेला एक प्रसंग अभ्यासकांत अजून चर्चिला जातो. एका स्त्रीने ऑक्टोबर १९४४ मधील ऑश्वित्झमधील कैद्यांच्या बंडाची आठवण सांगताना दहनभट्ट्यांची चार धुराडी स्फोटाने उडताना पाहिल्याचे म्हटले. प्रत्यक्षात एकच उडाले होते. तपशील चुकला म्हणून ही साक्ष बाजूला ठेवावी, असे काही इतिहासकारांचे मत पडले. लाउब यांचे म्हणणे असे की ती धुराड्यांची संख्या सांगत नव्हती. जिथे प्रतिकार अशक्य वाटत होता, तिथे तो घडताना तिने पाहिला आणि हेच ती सांगत होती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. साक्षीची कागदपत्रांशी पडताळणी केलीच पाहिजे. १९९५ मध्ये बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने आलेल्या बालपणाच्या आठवणी पुढे बनावट ठरल्या आणि अशा प्रकारांचा फायदा हत्याकांड नाकारणारेच उठवतात. पण आकडा चुकला एवढ्यावरून माणूस खोटा ठरवणे हा अन्याय आहे.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘शिंडलर्स लिस्ट’ या चित्रपटानंतर १९९४ मध्ये स्थापलेल्या प्रतिष्ठानाने अल्पावधीत ३२ भाषांत सुमारे ५२,००० साक्षी चित्रित केल्या; २००६ पासून हा संग्रह दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आहे. मुलाखत युद्धापूर्वीच्या घरापासून सुरू होते, मग छळाचा काळ, मग नंतरचे आयुष्य, आणि शेवटी कुटुंबीय व जुने फोटो. हा क्रम शिक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरला. मेलेल्यांचे ढिगारे दाखवले की विद्यार्थी हादरतो, पण त्याला माणूस दिसत नाही. अंगण, भावंडे, सणाचा स्वयंपाक, शाळेतली मस्ती आधी कळली तर काय हिरावले गेले ते समजते.

याद वाशेमच्या अध्यापनपद्धतीत म्हणूनच मुलांना या विषयात सांभाळून न्यावे आणि सांभाळून बाहेर आणावे, असा दंडक आहे. लहान वयात एकाच कुटुंबाची गोष्ट, नंतर समाजाची, राजकारण आणि यंत्रणा त्याहून मोठ्या इयत्तेत. मुलांना रेल्वेच्या डब्यात कोंबल्याचे नाटक करायला लावणे या पद्धतीला मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. जर्मनीत शिल्पकार गुंटर डेमनिग यांनी १९९२ पासून बसवायला सुरुवात केलेल्या पितळी पट्ट्याही वर्गाबाहेरचा धडा बनल्या आहेत. त्या अटक झालेल्या माणसाच्या शेवटच्या राहत्या घरापुढे पदपथात बसवतात. त्यावर नाव, जन्मवर्ष आणि पुढे काय झाले एवढेच कोरलेले असते. कित्येक गावांत ही माहिती शाळकरी मुले स्वतः दप्तरखान्यांतून शोधून काढतात. अशा पट्ट्यांची संख्या २०२३ मध्ये एक लाखावर गेली.

२०२४ मध्ये जगभरात सुमारे २,४५,००० वाचलेले ज्यू हयात होते, आणि बहुतेक सगळे त्या काळी बालवयात होते. आता त्यांची मुले-नातवंडे शाळांत जाऊन बोलतात. काही संग्रहालयांत संगणकाच्या साहाय्याने मुद्रित साक्षीदार प्रेक्षकांच्या प्रश्नांना पूर्वी दिलेली उत्तरे देतो. ही सोय उपयुक्त आहे. मात्र साक्षीदाराच्या तोंडी त्याने न उच्चारलेले एकही वाक्य येऊ देता कामा नये.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध मर्यादित, पण खरा आहे. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाला नाझींची झळ पोहोचली नाही. मुंबईत मात्र मध्य युरोपातून पळालेले ज्यू निर्वासित आले. आकाशवाणीच्या ओळखधुनेचे श्रेय ज्यांना दिले जाते ते प्रागहून आलेले वॉल्टर कॉफमन त्यांपैकीच. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिलेले पोलिश निर्वासित मात्र बहुतांशी कॅथलिक होते आणि सोव्हिएत हद्दपारीतून आलेले होते. त्यांची कहाणी स्वतंत्र आहे, ती यात मिसळू नये. मराठी वाचकांच्या पिढ्यांना नाझी राजवट कळली ती वि. ग. कानिटकर यांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’मुळे. ॲन फ्रँकची रोजनिशीही मराठीत आहे. हिटलरचे आत्मचरित्र मात्र आपल्या पुस्तकविक्रेत्यांकडे या दोन्हींइतकेच सहज मिळते, आणि ते घेणाऱ्या तरुणाने हिटलरच्या बळींचे म्हणणे क्वचितच ऐकलेले असते. वर उल्लेखलेल्या संग्रहांतील अनेक साक्षी इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. हिटलरचा उदय शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांनी त्या धड्यासोबत किमान एक साक्ष वर्गात दाखवावी आणि तिचा आशय मराठीत समजावून सांगावा.