१८८३ : अंगणांतील पांखरें आणि देशांतील राजकारण



पांखरांकडे पाहत बसणारा मनुष्य जगाच्या व्यवहाराकडे पाठ फिरवून बसलेला असतो, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. वर्तमानपत्र वाचणारा तो जागरूक नागरिक आणि परसांतल्या चिमणीचें घरटें न्याहाळणारा तो रिकामटेकडा, अशी वाटणी आपण सहज करून टाकतों. ही वाटणी कितपत खरी आहे, हें पाहण्यासाठीं मी आज आपल्यापुढें इतिहासांतील एकच वर्ष ठेवणार आहे. तें वर्ष म्हणजे १८८३.

प्रथम त्या वर्षाचें राजकारण पाहूं. फेब्रुवारी महिन्यांत व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या कायदेमंडळापुढें इल्बर्ट बिल आलें. जिल्ह्याच्या ठिकाणीं नेमलेल्या हिंदी न्यायाधिकाऱ्यांस युरोपियन आरोपीचा खटला चालवितां यावा, एवढाच त्याचा आशय. परंतु तेवढ्यानें गोरा समाज खवळून उठला. सभा भरल्या, निधि जमले, खुद्द व्हाइसरॉयची उघड अवहेलना झाली; आणि १८८४ च्या जानेवारींत तें बिल पांगळें होऊन संमत झालें. ह्या प्रकरणापासून आमच्या सुशिक्षितांनीं घेतलेला धडा स्पष्ट होता : मूठभर लोकही संघटित असले म्हणजे सरकारला वांकवूं शकतात.

ह्याच १८८३ सालीं इंग्रजींत एक विनोदी पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याच्या नांवाचा अर्थ ‘माझ्या सरहद्दीवरील टोळ्या’ असा होतो, आणि त्याचें उपनांव ‘एका हिंदी निसर्गाभ्यासकाचें परराष्ट्रीय धोरण’ असें आहे. दुसरें अफगाण युद्ध १८८० सालीं संपलें होतें. सरहद्द, टोळ्या आणि धोरण हे शब्द रोज वर्तमानपत्रांत झळकत होते. वाचकाला वाटावें, खैबरघाटाविषयीं कांहीं असेल. उघडून पाहावें, तों त्यांत उंदीर, डांस, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळें, बेडूक आणि वाळवी! बंगल्याच्या भिंती ही सरहद्द आणि तिच्यावर चालून येणारे हे जीव त्या टोळ्या, अशी त्यांतील कल्पना आहे. लेखक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ सालीं सातारा येथें झाला. कांहीं वर्षें त्यांनीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकविलें आणि पुढें ते जकात व मीठ खात्यांत शिरले. कच्छच्या रणाच्या कडेला खाराघोडा येथें मिठागरें आहेत. त्या धुळीच्या गांवीं नोकरी करीत असतां त्यांनीं आपल्या बंगल्याभोंवतालचे जीव न्याहाळले. त्या विनोदाच्या मुळाशीं कसून केलेलें निरीक्षण आहे, म्हणूनच तें पुस्तक टिकलें.

त्याच वर्षीं १५ सप्टेंबर रोजीं मुंबईंत राणीच्या बागेंतील वस्तुसंग्रहालयांत आठ गृहस्थ जमले. आपापलीं निरीक्षणें एकमेकांस सांगावीं आणि जमविलेले नमुने दाखवावेत, एवढाच हेतु. एटकेन त्यांपैकींच एक. हीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना. आठांपैकीं सहा युरोपियन आणि दोन हिंदी होते. इल्बर्ट बिलावरून गोऱ्या-काळ्यांत विस्तव जात नव्हता अशा दिवसांत ही आठ माणसें एका टेबलाभोंवतीं बसलीं, ही गोष्ट लहान नव्हे.

ते दोन हिंदी गृहस्थ कोण? एक डॉ. आत्माराम पांडुरंग. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे हे बंधु, आणि १८६७ सालीं स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे एक प्रमुख संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. हे वैद्य असून वनस्पतींचे मोठे जाणकार होते. परंतु त्यांचें नांव आणखी एका कारणासाठीं लक्षांत ठेवावयास हवें. रखमाबाई ही त्यांची सावत्र मुलगी. लहानपणीं लावून दिलेलें लग्न मान्य करून नांदावयास जाण्याचें तिनें नाकारलें. १८८४ सालीं नवऱ्यानें तिच्यावर दावा लावला आणि साऱ्या देशांत वादळ उठलें. त्या वादळांत सखाराम अर्जुन तिच्या पाठीशीं उभे राहिले. निकाल लागण्यापूर्वींच, १८८५ सालीं, ते वारले. नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत बस, असा हुकूम १८८७ सालीं झाला तरी रखमाबाई डगमगल्या नाहींत. पुढें विलायतेंत शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि सुरतेस त्यांनीं दीर्घकाळ स्त्रियांची शुश्रूषा केली. झाडापानांच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या घरांत त्या काळचा सर्वांत मोठा सामाजिक लढा पेटला होता. जगाकडे पाठ फिरविण्यास त्यांस सवड कोठून असणार?

आतां शेवटचें नांव, अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. शाळेच्या पुस्तकांत त्यांच्याविषयीं एकच ओळ असते : राष्ट्रीय सभेचे संस्थापक. हिंदुस्थानांतील पक्षिशास्त्राचे जनक म्हणूनही ह्यूमसाहेबांस ओळखतात, ही दुसरी ओळ मी वर्गांत सांगत असें, तेव्हां मुलांचे डोळे विस्फारत. १८७२ सालापासून ते ‘स्ट्रे फेदर्स’ नांवाचें पांखरांविषयींचें नियतकालिक चालवीत होते. कोठें कोणतें पांखरूं केव्हां येतें, घरटें कोणत्या महिन्यांत बांधतें, अंडीं किती घालतें, याच्या नोंदी देशांत ठिकठिकाणीं पसरलेले त्यांचे मित्र त्यांस पाठवीत. अंडीं आणून देणारे आणि कातडीं भरणारे हिंदी हात मात्र त्या पानांत बहुधा निनांवीच राहिले.

१ मार्च १८८३ रोजीं ह्याच ह्यूमसाहेबांनीं कलकत्ता विश्वविद्यालयाच्या पदवीधरांस पत्र लिहून देशकार्यासाठीं पन्नास निःस्वार्थी माणसें मागितलीं. पुढें लवकरच त्यांच्या लक्षांत आलें कीं वर्षानुवर्षें जमविलेलीं पक्ष्यांविषयींचीं हस्तलिखितें सिमल्याच्या घरांतून एका नोकरानें बाजारांत रद्दी म्हणून विकून टाकलीं आहेत. खचलेल्या मनानें त्यांनीं आपला ऐंशीं हजारांवर नमुन्यांचा संग्रह १८८५ सालीं ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. त्याच वर्षीं २८ डिसेंबरला मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजांत राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें. तें पुण्यास भरावयाचें होतें; पटकीच्या साथीमुळें मुंबईस आलें. बहात्तर प्रतिनिधि जमले. दूरदूरच्या गांवीं बसलेल्या माणसांस पत्रांच्या धाग्यानें एकत्र ओवण्याची ह्यूमसाहेबांची हातोटी पांखरांच्या नोंदी जमवितां जमवितां तयार झाली आणि सभेच्या कामीं आली, असें मला वाटतें.

ह्या सर्वांतून काय घ्यावयाचें? पांखरें पाहिल्यानें मनुष्य देशभक्त होतो, असें मी म्हणणार नाहीं. परंतु दोन्हींकडे लागणारा एक गुण समान आहे : ऐकीव गोष्टीवर न विसंबतां, जें जसें आहे तें तसें पाहणें. एकच उदाहरण देतों. आमच्या भाषेनें विणकर पांखराला ‘सुगरण’ असें स्त्रीलिंगी नांव दिलें आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण त्या गृहिणीच्या कौशल्याचें कौतुक केलें. ज्या १९३० सालीं देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता, त्याच सुमारास सालिम अली अलिबागजवळ किहीम येथें पावसाळ्यांत ह्या पांखरांच्या वसाहतीसमोर दिवसचे दिवस बसले. त्यांस दिसलें तें असें : घरटें विणतो तो नर. माद्या येऊन अर्धवट विणलेलीं घरटीं तपासतात, एखादी एक पसंत करते आणि मग नर तें पुरें करून दुसरें विणावयास घेतो. लाडकी समजूत एका पावसाळ्याच्या पाहण्यानें बाजूला झाली. अशाच किती समजुती आपण माणसांविषयीं, दुसऱ्या जातीविषयीं, विरुद्ध पक्षाविषयीं उराशीं बाळगून असतों!

आपल्या शहरी घरांभोंवतींही ऋतूंची ये-जा थांबलेली नाहीं. वसंतांत कोकिळ ओरडूं लागतो. वैशाख-ज्येष्ठांत कावळा काटक्यांबरोबर तारेचे तुकडेही उचलून नेतो आणि कोकिळा त्याच्या घरट्यांत आपलें अंडें ठेवून येते. पावसाच्या पुढें काळा-पांढरा, शेंडीवाला चातक येतो. आश्विनाच्या सुमारास परीट पक्षी शेपटी हालवीत मोकळ्या जागीं उतरतो आणि उन्हाळा तापूं लागला कीं उत्तरेकडे निघून जातो.

घरांतल्या मुलांस एक साधी वही द्यावी. यंदा परीट पहिल्यानें कोणत्या दिवशीं दिसला, कोठें दिसला आणि कोणीं पाहिला, तेवढें तींत लिहावें. स्वतः पाहिलें असेल तेंच लिहावें. दुसऱ्यानें सांगितलें असेल तर त्याचें नांव घालावें. अशीं दहा वर्षें भरलीं म्हणजे वर्तमानपत्रांतील बातमी वाचतांनाही तीं मुलें आपण होऊन विचारतील : हें कोणीं पाहिलें, आणि केव्हां?