खोगिराचा मान

सात रस्त्याच्या आपणां सोलापूरकरांना घोडा ठाऊक तो टांग्याचा, नाही तर वरातीचा. ऑलिंपिकचा घोडा परकाच. परंतु त्या खेळाचा इतिहास वाचताना आम्हांस आमच्या कामगार चळवळीतला जुनाच प्रश्न भेटला: काम कोणाचे आणि मान कोणाचा?

या खेळाचे नाव इव्हेंटिंग. एकाच स्वाराने एकाच घोड्यावर तीन कसोट्या द्यावयाच्या. पहिलीत घोड्याची शिस्तबद्ध चाल. दुसरीत चर, ओंडके, पाणी ओलांडीत माळावरची दौड. तिसरीत मैदानातल्या अडथळ्यांवरून उड्या. गुण चुकांचे; ज्याचे कमी तो विजयी. शेवटच्या कसोटीपूर्वी घोडा तपासतात. तो लंगडला, तर स्वार कितीही थोर असो, खेळ संपला.

1912 साली स्टॉकहोमला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो लष्करी अधिकाऱ्यांचा म्हणून. घोडेस्वारीच्या स्पर्धांत साध्या शिपायाला मज्जाव असे. 1948 साली लंडनला चालीच्या स्पर्धेत स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. पण त्यातला पेर्सन हा मूळचा सार्जंट, स्पर्धेपुरता लेफ्टनंट केलेला, असे ठरले आणि 1949 मध्ये पदक काढून घेतले. स्वारीत उणे काही नव्हते. उणी होती खांद्यावरची फीत! 1952 मध्ये ती अट गेली आणि पेर्सनच्या संघाने पुन्हा सुवर्ण मिळविले. इव्हेंटिंगमध्ये स्त्रियांना मात्र 1964 पर्यंत थांबावे लागले.

आपल्याकडे 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत इव्हेंटिंगचे सुवर्ण जिंकले ते रघुवीरसिंह यांनी. ते दफेदार होते, अधिकारी नव्हते. पुढे 2000 साली आपल्या मुंबईचे इम्तियाज अनीस सिडनी ऑलिंपिकला गेले. अंगावर लष्कराची वर्दी नसलेल्या या स्वाराने ‘स्प्रिंग इन्व्हेडर’ घोड्यावर तिन्ही कसोट्या पुऱ्या केल्या आणि 23 वा क्रमांक मिळविला. त्यानंतर या खेळात ऑलिंपिकला भारतीय स्वार दिसला तो थेट 2021 मध्ये, टोकियोला: बेंगळूरचे फवाद मिर्झा. त्यांचाही क्रमांक 23 वाच.

मधली वीस वर्षे रिकामी का गेली? आमच्या मते, फितीची अट गेली, पण थैलीची अट उरली. जातिवंत घोडा, त्याचा खुराक, परदेशातला सराव हे सारे एकट्याच्या खिशाला झेपणारे नव्हे. दफेदाराच्या मागे निदान लष्कराची पागा होती. साध्या घरच्या पोराच्या मागे कोण?

आणखी एक माणूस राहिला. पहाटे खरारा करणारा, टापा धुणारा, घोड्याचे दुखणे सर्वांआधी ओळखणारा मोतद्दार. पदकाच्या वेळी त्याचे नाव पुकारीत नाहीत. घोडा मात्र त्याला ओळखतो. आपणही ओळखावे, एवढेच आमचे सांगणे.